देवाच्या दारी मध्यस्थ नको : पंडिता रमाबाईंचे कागद काय सांगतात

पंडिता रमाबाईंनी 1907 साली केडगावच्या मुक्ति सदनातून आपल्या आयुष्याची साक्ष प्रसिद्ध केली. त्या छोट्या पुस्तकातील एका कबुलीपाशी त्यांचे बहुतेक चरित्रकार थांबतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की ख्रिस्ती धर्म तर सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलाच नव्हता, अशा आशयाची ती कबुली आहे. बाप्तिस्मा झाला 29 सप्टेंबर 1883 रोजी. त्यात आठ वर्षे मिळवली की 1891 येते. मग चरित्राचे सरळ दोन भाग पडतात : 1891 पूर्वीच्या रमाबाई बुद्धीने ख्रिस्ती झालेल्या आणि 1891 नंतरच्या अंतःकरणाने झालेल्या.

रमाबाईंच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे काही कारण नाही. पण साक्ष हा घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिलेला कागद आहे, आणि तो मुक्ति सदनात प्रार्थनेची मोठी लाट येऊन गेल्यानंतर लगेच लिहिलेला आहे. त्या लाटेच्या प्रकाशात मागचे दिवस फिके दिसणे साहजिक होते. सुदैवाने त्या मागच्या दिवसांचे त्याच दिवसांत लिहिलेले कागद शिल्लक आहेत. इंग्लंडमधील वास्तव्यात रमाबाई, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि काही बिशप यांच्यात झालेला पत्रव्यवहार जेराल्डिनने जपून ठेवला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. ती पत्रे साक्षीशेजारी ठेवून वाचली की चित्र बदलते. देवाशी थेट नाते जोडण्याची रमाबाईंची धडपड 1891 च्या कितीतरी आधी सुरू झालेली दिसते, आणि तिची पहिली मोठी लढाई 1885 मध्ये, चर्चच्या आतच झाली.

पत्रसंग्रह वाचताना एक सावधगिरी हवी. जेराल्डिन या वादातील एक पक्षकार होती. कागद तिने जमवले, तिनेच लावले आणि त्यांना आपल्या समजुतीची प्रस्तावनाही जोडली. दुसरी गोष्ट भाषेची. रमाबाई इंग्रजी शिकू लागल्या त्या 1882 मध्ये, पुण्यात. म्हणजे चर्चच्या अधिकाराविषयीचा हा काटेकोर वाद त्या अवघ्या तीन वर्षांच्या इंग्रजीत घालत होत्या. तरीही पत्रांतील युक्तिवाद कुठे डळमळत नाही.

स्त्रीला देव कोणत्या वाटेने?

या युक्तिवादाचे मूळ इंग्लंडमध्ये नाही. ते साक्षीच्याच सुरुवातीच्या पानांत सापडते. रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला होता. लक्ष्मीबाईंनी लेकीला भागवत पढवले. पण वडिलांनी एक मर्यादा कधी ओलांडली नाही. पुराणे शिकवली, वेद शिकवला नाही. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरले, आणि 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले.

स्त्रियांच्या धर्मावर व्याख्याने द्यावीत, अशी सूचना त्यांना तिथेच झाली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ काढून वाचले. साक्षीत त्या लिहितात की हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांना छेद देतात, पण दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत आहे. एक, स्त्रीजात मुळातच हीन आणि अविश्वासू. दुसरी, स्त्री आणि शूद्र यांना वेदाचा अधिकार नाही. वेद नाही म्हणून ब्रह्मज्ञान नाही, आणि ब्रह्मज्ञान नाही म्हणून मोक्षही नाही. स्त्रीला उरते ती पतिसेवा, पतीलाच देव मानणे. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हातात ठेवली तेव्हा रमाबाई आधी कचरल्या, मग वाचू लागल्या.

पुढच्या सगळ्या कागदांची किल्ली इथे आहे. देवापर्यंत थेट पोहोचण्याचा प्रश्न रमाबाईंसमोर आला तो ध्यानधारणेचा किंवा आध्यात्मिक हौसेचा प्रश्न म्हणून आला नाही. तो अधिकाराचा प्रश्न होता. स्त्री आणि देव यांच्यामध्ये शास्त्राने एक माणूस उभा केला होता, आणि तो बाजूला सारल्याशिवाय पुढचे पाऊल शक्य नव्हते.

याच साक्षीत कलकत्त्यातील एक आठवण आहे. भावंडांना एका ख्रिस्ती मेळाव्याचे बोलावणे आले. प्रार्थनेच्या वेळी मंडळींनी खुर्च्यांसमोर गुडघे टेकलेले पाहून त्यांना वाटले, ही माणसे खुर्च्यांनाच नमस्कार करतात. त्यांना संस्कृत बायबलची प्रतही मिळाली, पण त्यातून काही हाती लागले नाही. ओढ वाढली ती लग्नानंतर सिल्चरला, घरातच सापडलेल्या लूककृत शुभवर्तमानाच्या बंगाली पुस्तिकेमुळे. पती बिपिनबिहारी दास मेधावी यांना बायकोचे हे आकर्षण आवडले नव्हते. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला, आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

वाँटेजची विहीर

1883 च्या एप्रिलमध्ये रमाबाई इंग्लंडला निघाल्या आणि वाँटेज येथे सेंट मेरी या सिस्टर्सच्या संघात उतरल्या. या संघाच्या सिस्टर्स पुण्यातही काम करीत होत्या. वैद्यक शिकण्याचा रमाबाईंचा बेत कमी ऐकू येत असल्यामुळे फसला. त्यांचे मन वळले ते एका वेगळ्याच भेटीत. लंडनमधील फुलहॅम येथे सिस्टर्सचे एक आश्रयघर होते. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तिथे प्रेमाने सांभाळल्या जात. हे कशामुळे, असे विचारल्यावर एका सिस्टरने रमाबाईंना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची भेट त्यात आहे.

साक्षीत रमाबाई या वाचनाचा उल्लेख निर्णायक म्हणून करतात. त्यांनी नेमका हाच अध्याय मनात धरला याला अर्थ आहे. त्यात देव एका परक्या, बदनाम स्त्रीशी मधे कोणालाही न ठेवता बोलतो. खरी उपासना कुठल्या डोंगरावर किंवा कुठल्या मंदिरनगरीत करायची हा वाद तीच स्त्री काढते, आणि उत्तर मिळते की उपासना आत्म्याने आणि खरेपणाने व्हायची आहे, स्थळाने नव्हे. ज्या बाईने धर्मशास्त्रात स्वतःला वाटेबाहेर उभे केलेले पाहिले होते, तिला या संवादात आपली जागा सापडली. त्याच सप्टेंबरच्या 29 तारखेला वाँटेजच्या चर्चमध्ये तिचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

मे 1885

बाप्तिस्म्याने प्रश्न मिटला नाही, त्याला नवे रूप आले. वाँटेजचा संघ उच्च चर्चच्या परंपरेतला होता. श्रद्धा ही प्रेषितांपासून चालत आलेल्या चर्चकडून स्वीकारायची, तिच्यातले सोयीचे निवडायचे नाही, आणि आज्ञाधारकपणा हा देवाकडे जाण्याचा मार्गच आहे, अशी जेराल्डिनची प्रामाणिक धारणा होती. ती रमाबाईंवर जीव लावणारी बाई होती. रमाबाई पत्रांत तिला ‘आजीबाई’ म्हणत, आणि मनोरमेचा सांभाळ बराच काळ तिच्याकडे होता. हा वाद अधिकारी आणि बंडखोर यांचा कोरडा वाद नव्हता. एकमेकींवर माया असलेल्या दोघी बायका देवाच्या वाटेविषयी भांडत होत्या, म्हणून ही पत्रे आजही बोचतात.

खटके आधीपासून उडत होते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे ठरले, तेव्हा रमाबाईंनी विचारले की संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असे काय अधिक आहे? संस्कृत देवांची भाषा म्हणून मला ती नको, ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून हवी, असा त्यांचा खुलासा होता. शाकाहार सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि जेराल्डिनला त्यात जातीचा जुना अहंकार दिसे. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियाचा विश्वासांगीकार यांविषयी रमाबाईंच्या शंका फिटल्या नव्हत्या. जे आपल्याला पटलेले नाही ते मनोरमेला शिकवले जाऊ नये, असाही त्यांचा आग्रह होता.

ठिणगी पडली ती चेल्टनहॅमला. रमाबाईंनी तिथे संस्कृत शिकवावे, विद्यार्थ्यांत तरुण पुरुषही असावेत, असा विचार निघाला. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवले तर भारतात त्यांचा प्रभाव उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मिस बील यांना लिहिलेल्या उत्तरात रमाबाईंना याचे नवल वाटते. आपली आई आणि आपण पुरुषांना शिकवत होतो तेव्हा वडिलांनी किंवा पतीने हरकत घेतली नाही, आणि आता काही इंग्रज ती घेत आहेत. उभ्या हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे बोललेल्या बाईला हा सल्ला कसा वाटला असेल, हे ओळखायला पत्राबाहेर जावे लागत नाही.

मग आले जेराल्डिनला लिहिलेले 12 मे 1885 चे पत्र. त्याचा आशय असा : मला स्वतःचे मन आहे, विवेक आहे, निर्णयशक्ती आहे. जे ठरवण्याची कुवत देवाने मला दिली ते मीच ठरवणार. मी ख्रिस्ताच्या चर्चची सभासद आहे, पण पुरोहितांच्या किंवा बिशपांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे वेगळे आणि पुरोहिताची पाळणे वेगळे. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने आताच मानेवरून उतरवले आहे, तेव्हा त्याच जातीचे दुसरे जू घ्यायची माझी तयारी नाही.

पत्राचा शेवटचा भाग पुष्कळदा उद्धृत होतो आणि त्यातून बंडखोर रमाबाई उभ्या केल्या जातात. पण पत्र पूर्ण वाचले तर त्यांनी काय नाकारले नाही हेही दिसते. चर्चचे सभासदत्व त्यांनी सोडले नाही. आज्ञापालनही त्यांनी टाकले नाही, ते कोणाचे करायचे एवढेच ठरवले. कलकत्त्यात शास्त्र वाचताना स्त्री आणि देव यांच्यामध्ये जो माणूस दिसला होता, तोच आता बिशपाच्या वेषात समोर आला, आणि रमाबाईंनी त्याला ओळखले. हे पत्र लिहिणाऱ्या बाईचे देवाशी नाते केवळ बुद्धीचे होते असे म्हणणे मला जड जाते. ज्याच्याशी काही नातेच नाही, त्याच्यासाठी कोणी आपल्या आश्रयदात्या आजीबाईशी इतके भांडत नाही.

जेराल्डिनने याला गर्व आणि हट्ट मानले. तिच्या बाजूने एवढे म्हणता येते की ज्या परंपरेत सत्य माणसाच्या निवडीवर सोडलेले नसते, तिथे असा प्रतिसाद अटळच होता. योगायोग असा की त्याच 1885 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा केली आणि त्यांची बाजू घेतली. शास्त्रांनी स्त्रीशूद्रांना देवापासून दूर ठेवले, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. वाँटेजमध्ये ज्या स्वभावाला उद्धटपणा म्हटले गेले, त्यातला न्यायाचा धागा पुण्यात बसलेल्या जोतीरावांनी अचूक पकडला होता.

हॅस्लॅमचे पुस्तक

आता 1891. रमाबाई अमेरिकेहून परतल्या होत्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुण्याला आले होते. साक्षीत त्या सांगतात की इंग्लंड-अमेरिकेत पाहिलेल्या असंख्य पंथांनी मन गोंधळून गेले होते, आणि बायबल वाचूनही आपले पाप खरेच मिटले का याची खात्री नव्हती. या काळात विल्यम हॅस्लॅम यांचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले.

हॅस्लॅम हे इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील बाल्धू गावचे दीक्षित पाळक. 1851 मध्ये आपल्याच चर्चच्या व्यासपीठावरून उपदेश करता करता त्यांना जाणवले की आपण लोकांना ज्याविषयी सांगतो तो तारणारा आपल्याला भेटलेलाच नाही. त्याच क्षणी त्यांचे परिवर्तन झाले. विशेष म्हणजे हॅस्लॅम मूळचे त्याच उच्च चर्चच्या प्रवाहातले, ज्यातून वाँटेजचा संघ उभा राहिला होता. पुरोहितपद आणि संस्कार सगळे हाती असून आत पोकळी असलेल्या माणसाची ही गोष्ट रमाबाईंनी वाचली, आणि स्वतःची स्थिती तिच्याशी ताडून पाहिली.

1885 मध्ये त्यांनी दुसऱ्याचा हात दूर केला होता. 1891 मध्ये त्यांच्या लक्षात आले की मध्यस्थ हटवल्याने जागा मोकळी होते, ती आपोआप भरत नाही. आपल्या अभ्यासाने, आपल्या सत्कृत्यांनी ती भरण्याचा प्रयत्न हाही एक मध्यस्थच आहे, आणि तो स्वतःच्या आत बसलेला असतो. तारण कमवायचे नसून स्वीकारायचे असते, एवढे उमगल्यावरचा आनंद साक्षीच्या पानांत ओसंडून वाहतो. त्रैक्याविषयीच्या शंकाही पुढे मावळल्या. श्रद्धेचा आशय बदलला हे खरे. पण तो बदलण्याची पद्धत तीच राहिली : पुस्तक उघडायचे, स्वतः वाचायचे, स्वतः प्रार्थना करायची आणि पटले तर मान तुकवायची.

उघडे दार, मोठा आवाज

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत, आणि काही मुली तिथे येऊन बसत. यावर ‘केसरी’ने रान उठवले. 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. विश्वासाने सोपवलेल्या लेकींच्या धर्माची काळजी त्यांना वाटणारच. रमाबाईंचे म्हणणे मात्र जुनेच होते : मी कोणावर सक्ती करत नाही, पण देवाशी बोलायला दार लावून बसणारही नाही, आणि कोणी आत आले तर हाकलणारही नाही.

मुक्ति सदन केडगावला उभे राहिले तेव्हा दुष्काळातून आणलेल्या बायकामुलींची संख्या वाढत सुमारे 2000 पर्यंत गेली. 1905 च्या जूनअखेर तिथे प्रार्थनेची ती लाट आली. मुली रडत, पापे कबूल करत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. बाहेरून आलेल्या काही पाश्चात्त्य पाहुण्यांना हा गोंगाट शिस्तीला सोडून वाटला. त्यावर 1907 मध्ये ‘मुक्ति प्रेयर-बेल’ या आपल्या नियतकालिकात रमाबाईंनी जो खुलासा केला, त्यात वाँटेजची पत्रलेखिका पुन्हा बोलताना ऐकू येते. देवाने भारतीयांना जसा स्वभाव दिला तसा त्यांचा देवाशी संवाद होऊ द्यावा, पाश्चात्त्यांच्या रीतीला तो जुळलाच पाहिजे असे नाही, अशा अर्थाचे ते लिखाण आहे. संस्कृत अक्षरांचा क्रूस मागणारी विशीतली स्त्री आणि केडगावच्या मुलींच्या मोठ्या आवाजाची बाजू घेणारी पन्नाशीकडे झुकलेली स्त्री यांच्यामध्ये बावीसेक वर्षांचे अंतर आहे, धागा एकच आहे.

शेवटचा कागद

शेवटचा कागद सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे रमाबाईंचे मराठी बायबल. मराठीत बायबल होतेच, पण त्याची भाषा शिकलेल्यांची होती. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईलाही कळावे म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या आणि साध्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले. मुक्ति सदनाच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तिथल्याच बायका करत. मनोरमा 1921 मध्ये गेली. लेकीच्या वियोगातही काम चालू राहिले आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा ते पुरे झाले होते. पूर्ण ग्रंथ छापून निघाला 1924 मध्ये.

धर्मशास्त्र वाचताना ज्या मुलीला कळले की मूळ ग्रंथाचा अधिकार आपल्याला नाही, तिने आयुष्याची शेवटची वर्षे मूळ ग्रंथ दुसऱ्या बायकांच्या हाती देण्यात घालवली. 12 मे 1885 च्या पत्रात रमाबाईंनी जो हक्क स्वतःसाठी मागितला, तो या भाषांतराने त्यांनी इतरांसाठी मोकळा केला.

म्हणून 1907 ची साक्ष मला अपुरी वाटते, खोटी नाही. देवाच्या जवळ जाणे म्हणजे एका संध्याकाळी आलेला अनुभव, असा तिचा सोयीचा अर्थ लावला जातो आणि तिच्या आधीचे सगळे तयारीत जमा होते. कागद एकत्र वाचले की तीन पायऱ्या दिसतात : आपल्या विवेकाची जबाबदारी दुसऱ्याकडून परत घेणे, मग आपल्या पुण्याईचाही आधार सोडणे, आणि शेवटी तीच वाट दुसऱ्यांसाठी खुली करणे. यातली कुठलीही एक गाळली तर रमाबाईंची श्रद्धा कळत नाही. पहिली गाळली तर त्या फक्त भक्त उरतात, दुसरी गाळली तर फक्त बंडखोर, आणि तिसरी गाळली तर देवाशी थेट नाते ही एका विदुषीची खासगी बाब ठरते. त्यांनी ती तशी कधीच मानली नाही, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मानू नये.